नारायण पेठेतला वाचनवर्ग: यमुना, बिनोदिनी आणि न्हाव्याचा प्रश्न

नारायण पेठेतील एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी ४.३० ते ६.३० या वेळात चालणारा दहा आठवड्यांचा वाचनवर्ग मी नुकताच पूर्ण केला. एकोणिसावे शतक सरताना आणि विसावे उगवताना लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांत प्रेम कसे दिसते, बाईला स्वतःची ओळख कितपत मिळते आणि घरादाराच्या अपेक्षा तिच्यापुढे कशा उभ्या राहतात, असा वर्गाचा विषय होता. शुल्क १,८०० रुपये. त्यात वाचनाच्या झेरॉक्स प्रती आणि मधल्या वेळचा चहा धरलेला होता. वर्ग घेणाऱ्या बाई मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. आपले नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते इथे देत नाही. मला वर्गाची माहिती अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात लावलेल्या चिठ्ठीवरून मिळाली आणि ज्यांना खरोखर यायचे आहे त्यांनाही ती तशीच मिळेल.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी मला महाविद्यालयात अभ्यासाला होती. तेव्हा गाइडातली उत्तरे पाठ करून मी परीक्षा दिली, कादंबरी अर्धीच वाचली आणि ‘विधवेची करुण कहाणी’ एवढाच तिचा ठसा मनावर राहिला. यंदा घरात मुलीच्या लग्नाचे पाहायला सुरुवात झाली. विवाह मंडळाच्या अर्जात ‘अपेक्षा’ असा एक रकाना असतो. तो भरताना मुलीने विचारले, “आई, इथे माझ्या अपेक्षा लिहायच्या, की लोकांनी माझ्याकडून ठेवलेल्या?” मला पटकन उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात ती चिठ्ठी दिसली, म्हणून आम्ही दोघींनीही नाव नोंदवले. मुलगी एखाद्या वेळी येऊन पाहील आणि सोडून देईल असे वाटले होते. ती शेवटपर्यंत आली.

या वर्गाची खरी ताकद त्याच्या पद्धतीत आहे. बाई कादंबरी समजावून सांगत नाहीत, वाचून दाखवतात. पहिला पाऊण तास त्या किंवा वर्गातले कोणी मोठ्याने वाचते, बाकीचे प्रतीवर बोट ठेवून ऐकतात, मग चहा होतो आणि त्यानंतर बोलणे. पुढचा भाग घरी वाचून यायचा नाही, अशी ताकीद असते. सुरुवातीला हे शाळकरी वाटले. पण हरिभाऊंच्या कादंबऱ्या मुळात हप्त्याहप्त्यानेच लोकांपुढे आल्या. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यांच्या अनेक कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. म्हणजे त्या काळचा वाचक आठवडाभर थांबत असे. यमुनेचे पुढे काय होणार याची चिंता घेऊन तो कचेरीत, देवळात, ओसरीवर वावरत असे, आणि घरात वाचू शकणारा एकच असेल तर तो वाचायचा व बाकीचे ऐकायचे. आठवडाभराचे ते थांबणे पुन्हा अनुभवल्यावर कादंबरीचा वेगच बदलून जातो. जे प्रसंग एकट्याने वाचताना लांबलेले वाटले होते, तेच मोठ्याने ऐकताना घरातल्या बायका बोलतात तसे वाटू लागतात. कारण हरिभाऊंनी ही कादंबरी यमुनेच्याच तोंडून सांगितली आहे आणि ती सांगते तेव्हा समोर कुणीतरी बसले आहे, हे तिच्या प्रत्येक वाक्यात जाणवते.

पहिले चार शनिवार या एका कादंबरीला दिले होते आणि ते योग्यच होते. दुसऱ्या शनिवारी बाईंनी एकच शब्द घेऊन आम्हाला बराच वेळ बसवून ठेवले. यमुना त्या काळच्या रीतीप्रमाणे नवऱ्याचे नाव घेत नाही. ‘इकडून’, ‘इकडे’, फार तर ‘स्वारी’ अशा शब्दांनीच रघुनाथराव तिच्या बोलण्यात येतात. बाई म्हणाल्या, “नवऱ्याला नाव नाही, दिशा आहे. ज्या माणसाबद्दल ती सगळ्यांत जास्त बोलते, त्याच्यासाठी तिच्याजवळ नाम नाही, क्रियाविशेषण आहे.” मग त्यांनी लागोपाठची चार-पाच वाक्ये पुन्हा वाचली. पहिल्या वेळी ‘इकडून’ हा मर्यादेचा शब्द वाटला होता. दुसऱ्या वेळी त्यात लाज होती, अभिमान होता आणि अगदी उघड माया होती. आजच्या अर्थाने प्रेमाची कबुली या कादंबरीत शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. शिकलेला, सुधारणेच्या विचारांचा नवरा आपल्या बायकोने लिहावे-वाचावे म्हणून आग्रह धरतो, घरातल्या मोठ्यांच्या नजरा चुकवून ती धडपडते आणि पुढे मुंबईत वेगळे बिऱ्हाड झाल्यावर दोघांना मोकळेपणाने बोलता येते. त्या काळातले प्रणयप्रसंग हेच आहेत. पुस्तक एकत्र वाचणे म्हणजे एकमेकांच्या जवळ बसणे, आणि दिवसाउजेडी नवरा-बायकोने जवळ बसणे हाच त्या घरातला मोठा गुन्हा. प्रेम आणि अक्षरओळख यांची ही गाठ मला आधी कधी दिसली नव्हती. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी वर्गाचे शुल्क पुन्हा भरेन.

तिसऱ्या शनिवारी विषय निघाला नावांचा. कादंबरीतली नायिका यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ची नायिकासुद्धा यमुना. नाव त्या काळी घरोघरी होते, एवढाच याचा अर्थ असू शकेल. पण फळ्यावर ही चार नावे एकाखाली एक लिहिली गेली आणि त्यांतल्या दोन खऱ्या बायकांची नावे लग्नात बदलली गेली, तेव्हा वर्गात थोडी चुळबुळ झाली. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहिण्याचा विधी वर्गातल्या निम्म्या बायकांनी स्वतः अनुभवलेला होता. एक जण म्हणाल्या की बँकेत त्यांच्या जुन्या नावाचे खाते अजून आहे आणि माहेरची माणसे सोडली तर त्या नावाने त्यांना ओळखणारी तेवढीच एक जागा उरली आहे. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात वारल्या. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांनाही नवऱ्याने शिकवले. गोपाळराव जोश्यांचे ते शिकवणे किती कठोर होते, हे बाईंनी लपवले नाही. पाटी हातात देणारा नवरा म्हणजे दरवेळी रघुनाथराव नव्हे, हे आम्हाला त्याच दिवशी ऐकवले गेले आणि ते फार गरजेचे होते, कारण तोवर आम्ही सगळ्याच जणी रघुनाथरावांच्या प्रेमात पडलो होतो.

चौथा शनिवार केशवपनाचा, म्हणजे विधवेचे डोके भादरण्याच्या प्रथेचा. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर सासरच्या शंकरमामंजींच्या कारस्थानाने यमुनेवर जी बळजबरी होते, तो भाग वाचायला कोणी पुढे येईना. शेवटी बाईंनीच वाचला, सपाट आवाजात, कुठेही न थांबता. वाचून झाल्यावर चहा आला, पण कप तसेच राहिले. वर्गातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आजी, वय ८३, सदाशिव पेठेत राहणाऱ्या, थोड्या वेळाने बोलू लागल्या. त्या लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांच्या आजेसासूबाई होत्या. अंगावर आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा आणि तो येऊन जाईपर्यंत घरातल्या सुनांनी मागच्या अंगणात जायचे नाही, असा नियम होता. “त्यांना घरात सगळे ‘आत्या’ म्हणायचे,” आजी म्हणाल्या. “मीही म्हणायचे. त्यांचे नाव काय, हे मी विचारलेच नाही कधी. त्या गेल्यावर घराच्या कागदांत पाहिले. द्वारका.” एवढे बोलून त्यांनी चहाचा कप उचलला आणि गार झालेला चहा सगळा पिऊन टाकला.

माझी पहिली मोठी तक्रार इथूनच सुरू होते. त्या दिवशी वर्गात विधवा होती, सासरा होता, सुधारक होते, सनातनी होते. मागच्या दाराने येणारा तो न्हावी मात्र कोणाच्याच बोलण्यात आला नाही. मी पुढच्या वेळी हा प्रश्न काढला. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. ‘करमणूक’ सुरू झाले तेच हे साल. म्हणजे मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नावर कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या त्याच सुमारास ज्यांच्या हातात वस्तरा होता ती माणसे तो खाली ठेवायला तयार झाली होती. त्याआधी, १८६३ मध्ये, फुले पती-पत्नींनी याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते आणि फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे निर्धास्त बाळंत होता येत होते. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ चे. यांतले काहीही वर्गाच्या आखणीत नव्हते. बाईंनी माझे म्हणणे मनापासून ऐकले, पुढच्या शनिवारी ताराबाईंची चार पाने आणून वाचली आणि त्या चार पानांचा त्वेष ऐकून वर्ग खडबडून जागा झाला. पण २० मिनिटांत आम्ही पुन्हा पेठेतल्या माजघरात परतलो. शतकाच्या वळणावरचे पुणे म्हणजे पांढरपेशांच्या चार पेठा नव्हेत. ज्या कादंबऱ्या निवडल्या त्या त्याच घरांतल्या आहेत हे मान्य, परंतु त्या घरांना मागचे दार होते आणि त्या दारातून येणारी माणसेही होती, एवढे तरी वर्गात ठामपणे यायला हवे.

पाचवा शनिवार काशीबाई कानिटकरांचा. हा मला सर्वांत आवडला आणि याला एकच शनिवार मिळाला याचे वाईट वाटले. काशीबाई १८६१ च्या. शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर, नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती म्हणून, सासरची बोलणी खात अक्षरे शिकल्या आणि पुढे त्याच अक्षरांनी आनंदीबाई जोश्यांचे चरित्र लिहिले, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. ती १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. हरिभाऊंची आणि कानिटकर पती-पत्नींची मैत्री होती. एकीकडे एक पुरुष बाईच्या तोंडून आत्मकथा लिहितो आणि दुसरीकडे तशाच आयुष्यातून गेलेली एक बाई स्वतः लेखणी हातात धरते. हे दोघे एकमेकांना ओळखत होते, एकमेकांचे लेखन वाचत होते. यमुनेचा आवाज आपल्याला इतका खरा का वाटतो, याचे काही उत्तर त्या मैत्रीत असेल का, असा प्रश्न बाईंनी टाकला आणि त्यावर उत्तर न देता वर्ग संपवला. मुलगी आणि मी घरी परतताना लकडी पुलापर्यंत चालत आलो, ते त्यावरच बोलत.

त्यानंतरचे दोन शनिवार रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘चोखेर बाली’चे. ही कादंबरी १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली, ‘रंगराव’च्याच वर्षी, आणि तिच्या मध्यभागी पुन्हा एक तरुण विधवा आहे, पण किती निराळी. बिनोदिनी शिकलेली आहे, देखणी आहे, हुशार आहे आणि आपल्याला काय नाकारले गेले आहे याचा तिला पक्का हिशेब ठाऊक आहे. ज्या महेंद्राने तिला एकदा न पाहताच नाकारले, त्याच्या घरात ती येते आणि त्याची भोळी बायको आशा हिच्याशी मैत्रीण म्हणून राहते. आशेला लिहिणे जेमतेम येते. नवरा दूर असताना त्याला लिहायची पत्रे बिनोदिनी तिच्या वतीने रचते. इथे बाईंनी पहिल्या चार शनिवारांचा धागा उचलला. यमुनेसाठी अक्षर ही नवऱ्यापर्यंत पोचायची पायवाट होती. बिनोदिनी त्याच अक्षरांनी दुसरीच्या नावाखाली स्वतःचे मन पाठवते, आणि पत्र वाचणाऱ्याला ते कोणाचे मन आहे हे हळूहळू कळू लागते. ज्या बाईला स्वतःच्या नावाने पत्र लिहायचा हक्कच नाही, तिने उसन्या नावाने लिहिले तर ती लबाड म्हणायची का? वर्गाचे यावर दोन तट पडले. माझी मुलगी बिनोदिनीच्या बाजूने तावातावाने बोलली, आजींनी आशेची बाजू घेतली आणि म्हणाल्या, “ज्या पोरीला लिहिता येत नाही तिचा विश्वास मोडणे सोपे असते, म्हणून ते जास्त वाईट.” शेवटी महेंद्राचा मित्र बिहारी लग्नाची मागणी घालतो आणि बिनोदिनी ती नाकारून काशीला निघून जाते, हा शेवट वर्गात कोणालाच पटला नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाह करता येत होता. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. कायदा होता, उदाहरणे होती, तरी कादंबरीतल्या विधवेला लेखक लग्नाच्या उंबरठ्यावरून परत फिरवतो. समाजाची अपेक्षा लेखकाच्या लेखणीतही कशी बसलेली असते, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण आहे.

परदेशी कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र वर्गाने आमची निराशा केली. केट शोपॅन यांची ‘द अवेकनिंग’ (१८९९) आणि ईडिथ व्हॉर्टन यांची ‘द हाउस ऑफ मर्थ’ (१९०५) अशा दोन अमेरिकन कादंबऱ्यांना मिळून तीन शनिवार ठेवले होते. त्यांतला एक अनंत चतुर्दशीला आला. त्या दिवशी पेठांत पाऊल ठेवायला जागा नसते, हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही. तरी वेळापत्रक करताना ते पाहिले गेले नाही, आदल्या संध्याकाळी वर्ग रद्द झाल्याचा निरोप आला आणि बुडालेला शनिवार भरून दिला गेला नाही. परिणामी दोन मोठी पुस्तके दोन बैठकांत उरकली. ‘द अवेकनिंग’ची एडना ही न्यू ऑर्लिन्सच्या सुखवस्तू घरातली, दोन मुलांची आई, ती पोहायला शिकते, नवऱ्याचे मोठे घर सोडून एका छोट्या घरात राहायला जाते आणि शेवटी समुद्रात दूर पोहत निघून जाते. पुस्तक आले तेव्हा अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्यावर झोड उठवली होती आणि त्याचे मोल पुढे कित्येक दशकांनी ओळखले गेले. नवऱ्याची मालमत्ता म्हणून न राहण्याचा तिचा हट्ट आणि यमुनेची मुंबईच्या बिऱ्हाडातली मोकळीक या दोन गोष्टी शेजारी ठेवून बोलायला किती जागा होती. एकीला वेगळे घर नवऱ्याबरोबर हवे आहे, दुसरीला नवऱ्यापासून. हे वाक्य मी वहीत लिहून नेले होते, पण ते बोलायची वेळच आली नाही.

व्हॉर्टन यांच्या लिली बार्टचे तर हालच झाले. न्यू यॉर्कच्या श्रीमंत वर्तुळात वाढलेली, स्वतःचा पैसा नसलेली, २९ वर्षांची ही बाई चांगल्या ‘स्थळा’च्या शोधात आहे, आपल्याकडचा ‘स्थळ’ हा शब्दही तिथे न बदलता चालेल. तिच्या हाती एका शत्रूची जुनी प्रेमपत्रे येतात. ती वापरली तर ती स्वतःला वाचवू शकते. पण ज्याच्यावर तिचा जीव आहे त्या सेल्डेनचीही त्या पत्रांनी नाचक्की होईल, म्हणून ती त्याच्याच घरच्या शेगडीत जाळून टाकते आणि त्याला त्यातले काही कळतही नाही. पाटी, उसन्या नावाची पत्रे आणि आता जाळलेली पत्रे: वर्गाने आठवडेभर विणलेला धागा इथे आपोआप पुरा होत होता. पण बाईंनी कथानकच १५ मिनिटांत सांगून टाकले आणि तो प्रसंग वाचलाच गेला नाही. प्रती इंग्रजीत दिल्या होत्या, मराठी गोषवारा नव्हता; आजींसह पाच-सहा जणी त्या दोन शनिवारी नुसत्या बसून राहिल्या. जो वर्ग अक्षरओळखीबद्दल इतक्या तळमळीने बोलतो, त्याने आपल्यातल्याच काही जणींना असे अक्षराबाहेर ठेवायला नको होते. हे मी बाईंना समक्ष सांगितले आहे.

जागेबद्दल थोडे. खोली हवेशीर आहे, रस्त्याच्या बाजूला नसल्यामुळे आवाज येत नाही. खुर्च्या लोखंडी, घडीच्या. दोन तास बसल्यावर पाठ धरते. वाड्याचा जिना अंधारा आणि उंच पायऱ्यांचा आहे. चारचाकी आणायचा विचार करू नये. दुचाकीसाठीसुद्धा सम-विषम तारखेची पाटी पाहून लावावी. वर्गात २२ जण होते, त्यांतले पुरुष तिघे. चहा चांगला असतो, आलं घातलेला, आणि तो देणाऱ्या मावशी दाराशी बसून वाचन ऐकतात.

झेरॉक्स प्रतींचे मात्र हसे झाले असे म्हणावे लागेल, इतक्या त्या वाईट होत्या. पुस्तक जाड, यंत्रावर नीट दाबले गेलेले नाही, त्यामुळे बहुतेक पानांची शेवटची ओळ कापली गेली होती. वाचणारी व्यक्ती ऐन वाक्यात अडखळायची आणि बाई स्मरणातून ती ओळ सांगायच्या. तिसऱ्या शनिवारी आम्ही तक्रार केली. चौथ्या शनिवारी प्रत्येकीच्या प्रतीत, प्रत्येक पानाखाली, सुटलेली ओळ निळ्या शाईने हाताने लिहिलेली होती. २२ प्रती, प्रत्येकीत ४० च्या आसपास पाने. बाईंनी आठवडाभर रात्री बसून लिहिल्या, असे मावशींकडून कळले. माझ्या प्रतीतल्या केशवपनाच्या पानाखालची ओळ इतर ओळींपेक्षा जरा वाकडी आहे. ती प्रत मी बांधून घेतली आहे.

वर्गानंतर एका रविवारी आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात गेलो आणि आनंदाश्रमासमोर थोडा वेळ उभ्या राहिलो. हरिभाऊंच्या काकांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, स्थापन केलेली ही संस्था, तिचे व्यवस्थापन हरिभाऊंनी अनेक वर्षे पाहिले. संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखितांची, छापखान्याची कामे सांभाळणारा हा माणूस माजघरातल्या मुलीच्या बोलीत शेकडो पाने लिहीत होता. त्या चौकातून मी हजार वेळा शालेय पुस्तकांच्या पिशव्या घेऊन गेले असेन. मान वर करून इमारतीकडे पाहिले ते यंदा.

तेव्हा नाव नोंदवावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होय आहे, आणि मराठी कादंबऱ्यांपुरते ते अगदी निःशंक आहे. ज्यांना झटपट आढावा हवा आहे, दहा आठवड्यांत दहा पुस्तके उरकायची आहेत, त्यांनी जाऊ नये. पद्धतच संथ आहे. इंग्रजी साहित्यासाठी म्हणून जाणाऱ्यांनी तर मुळीच जाऊ नये. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकातल्या कथा आणि वामन मल्हार जोश्यांची ‘रागिणी’ अशी आखणी बाईंनी सांगितली आहे. त्यांतला एक पूर्ण शनिवार सत्यशोधकांच्या, म्हणजे फुल्यांच्या चळवळीतल्या लोकांच्या, लेखनाला द्यावा, असे मी लेखी कळवले आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे. पैसे भरण्याआधी प्रत मागून घ्यावी आणि पानाची शेवटची ओळ जागेवर आहे ना, ते तिथेच पाहावे. घरात वयस्क बाई असेल तर तिला आवर्जून सोबत न्यावे. जिना अवघड आहे, हे खरे. आमच्या आजींना दर शनिवारी वर नेताना एक जण पुढे आणि एक जण मागे असायची. मधल्या वळणावर त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि गेल्या शनिवारी गोष्ट कुठवर आली होती ते स्वतःच सांगायला लागायच्या.